बाल्कनीतला गुलाब: आधी जात नीट निवडा, मग ऑक्टोबरची छाटणी

परतीचा पाऊस घाटावर आवरत आलाय, कोकणात आणि गोव्यात अजून चार सरी येतील, आणि ज्यांच्याकडे कुंडीत गुलाब आहे त्यांच्याकडे आत्ता चित्र साधारण सारखंच असणार. खालची पानं पिवळी होऊन गळलेली, उरलेल्यांवर काळे ठिपके, दोन-तीन काटक्या उंच गेलेल्या आणि टोकाला एखादं बारकं फूल. झाड उपटू नका. गुलाबाचा आपल्याकडचा खरा सीझन आता सुरू होतोय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्याची तयारी याच पंधरवड्यात करायची असते.

पण छाटणीच्या आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहान जागेत गुलाब फसतो तो बहुतेक वेळा जातीमुळे. नर्सरीत आपण फुलाचा आकार बघतो, हाताच्या पंज्याएवढं फूल दिसलं की घेतो, तो असतो हायब्रिड टी. त्याला एका दांडीवर एक फूल, झाड चार-पाच फूट जातं, खत भरपूर लागतं, आणि बाल्कनीत दोन तास ऊन कमी पडलं की नुसत्या काटक्या. लहान जागेला घ्यायचा तो फ्लोरिबंडा, पॉलिअँथा नाहीतर मिनिएचर. फ्लोरिबंडा दोन-तीन फुटांत राहतो आणि झुबक्याने फुलतो, मिनिएचर एक-दीड फुटाचा, पॉलिअँथा बुटका पसरट आणि न थकता फुलणारा. आपल्याकडे नर्सरीवाले यातल्या बारीक फुलांच्या सगळ्यांनाच बटण गुलाब किंवा काश्मिरी गुलाब म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, झाड बघा: बुडापासून फुटवे किती आहेत, पेरं जवळजवळ आहेत का, पान जाडसर आणि चकचकीत आहे का.

हे झुबकेवाले गुलाब काटक का, तर त्यांची जडणघडणच तशी आहे. १९२०च्या दशकात डेन्मार्कच्या पोल्सन घराण्याने बुटक्या, सतत फुलणाऱ्या पॉलिअँथाचा संकर मोठ्या फुलांच्या हायब्रिड टीशी केला, तिथल्या थंडीत टिकेल असं झाड हवं होतं म्हणून, १९२४ची एल्स पोल्सन ही त्यातली गाजलेली जात. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, आपल्याकडे काटक म्हणजे जुलै-ऑगस्टची ओल आणि एप्रिल-मेची गच्ची दोन्ही सोसणारा. या बाबतीत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसा इन्स्टिट्यूटमध्ये, झालेलं काम मोठं आहे. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ, पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, पण गुलाबावर त्यांचा जीव होता आणि आपल्या हवेत वाढणाऱ्या कितीतरी जाती त्यांनी काढल्या. त्यांची गडद गुलाबी दिल्ली प्रिन्सेस, लाल-पिवळी बंजारन, आणि त्याच संस्थेची चॉकलेटी छटेची मोहिनी, हे तिन्ही फ्लोरिबंडा मिळाले तर नक्की घ्या. पांढऱ्यात समर स्नो, काटे जवळपास नाहीत, लहान मुलं असलेल्या घरात बरा. आइसबर्ग दिसतो सुंदर आणि मिळतो सगळीकडे, पण दमट हवेत त्याला काळे ठिपके फार, तेव्हा पुणे-नाशिकला ठीक, रत्नागिरी-पणजीला मी सुचवणार नाही. १९३२ची द फेअरी ही गुलाबी पॉलिअँथा कुठे दिसली तर सोडू नका.

आणि बुकेमधल्या डच गुलाबाची काडी बटाट्यात खोचून झाड करायचे व्हिडिओ फिरतात, ते राहू द्या. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधल्या त्या जाती लांब दांडीसाठी निवडलेल्या आहेत, तिथे ठिबकने मोजून खत-पाणी मिळतं, समजा काडी जगलीच तरी बाल्कनीत त्या लांबोळ्या आणि रोगट होतात.

आता कुंडी. मिनिएचरला ८ इंची चालते, फ्लोरिबंडाला १२ इंची हवी, २० लिटरची रंगाची बादली खाली पाच-सहा भोकं पाडून उत्तम. घाटावर कुंडीत नुसती काळी माती भरू नका, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि जाडी वाळू मिळून, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकणात जांभ्याच्या मातीतून पाणी झपाट्याने निघून जातं, तिथे शेणखत थोडं वाढवा आणि वाळू टाकूच नका. नर्सरीच्या पिशवीतल्या रोपाला बऱ्याचदा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो, तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि मुळं कोरडी राहतात, म्हणून गोळा बादलीत थोडा वेळ भिजवून कडेची माती हलक्या हाताने सुटी करा आणि मग लावा. डोळा भरलेली गाठ, म्हणजे खुंटावर कलम बांधलेली जागा, मातीच्या वर इंचभर दिसली पाहिजे. त्या गाठीच्या खालून जो जोमदार फुटवा येतो तो खुंटाचा, म्हणजे रानगुलाबाचा, तो मुळापासून ओढून काढायचा, नुसता कापला तर परत येतो आणि वरचं कलम उपाशी मरतं.

छाटणी कधी, तर पाऊस थांबून चार-पाच दिवस कोरडं ऊन मिळालं की. घाटावर ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, कोकणात महिनाअखेर. ओल्या हवेत केलेल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत वाळत जाते, ते एकदा बुडापर्यंत गेलं की झाड हातचं जातं. आधी वाळक्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या पूर्ण काढा, मग फ्लोरिबंडाच्या उरलेल्या फांद्या तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत कापा, मिनिएचरला नुसतं वरून तिसरा हिस्सा, आणि याच वर्षी लावलेल्या रोपाला फक्त शेंडे. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरका. कात्री धारदार पाहिजे आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाण्यात कालवून दाट पेस्ट लावा, आणि गळलेली सगळी पानं गोळा करून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको, ठिपक्यांची बुरशी तिथेच टिकून राहते.

शेतातल्या गुलाबाला छाटणीआधी पाणी तोडतात, मुळं उघडी करून ऊन देतात. हे भारी काळ्या जमिनीचं तंत्र आहे, तिथे खाली ओल असते म्हणून झाड तगतं. कुंडीत हे करू नका, कृपा करून करू नका, बारा इंचांच्या मातीत ऑक्टोबर हीटमध्ये ताण दिला तर मुळं दोन दिवसांत भाजतात. कुंडीला फक्त वरची दोन इंच माती मोकळी करून काढा आणि तिथे दोन-तीन मुठी गांडूळखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड, चमचाभर बोनमील घालून बुजवा, आणि पाणी द्या.

आठ-दहा दिवसांत लालसर कोंब दिसतील. ते बोटभर झाले की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला एक-दीड ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीतच. जास्त नत्र दिलं की पालवी लुसलुशीत येते आणि मावा आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, दोघांनाही आमंत्रण. छाटणीपासून साधारण ४५ दिवसांत फूल, थंडी जास्त असेल तर आठवडाभर पुढे. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते बोअरच्या क्षारी पाण्यामुळे लोह न मिळाल्याचं लक्षण, चिलेटेड फेरस पाकिटावरच्या मात्रेने फवारा.

ऊन किमान पाच-सहा तास, सकाळचं असेल तर सोन्याहून पिवळं, म्हणून पूर्वेची बाल्कनी पहिली निवड. पाणी सकाळी आणि मातीत, पानांवर नाही, कारण काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सात-आठ तास सलग ओलं लागतं आणि संध्याकाळी झारीने घातलेलं पाणी तिला रात्रभर ते देतं. कुंड्या विटांवर ठेवा आणि एकीचं पान दुसरीला लागणार नाही एवढं अंतर सोडा. नोव्हेंबर-डिसेंबरात दिवस कोरडे आणि रात्री गार झाल्या की कोवळ्या पानांवर पांढरी भुरी येते, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण दुपारचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा नाही आणि निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवडे नाही, पानं जळतात. मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. कळी उमलायच्या आधीच पाकळ्यांच्या कडा करपल्या असतील तर ते फुलकिडे, अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका आणि निळे चिकट सापळे लावा.

फूल सुकलं की झुबक्याखालच्या पहिल्या पाच पानांच्या डहाळीच्या वर कापत राहा, फांदी परत फुटते. आणि छाटणीतल्या निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकू नका. सहा इंचांचे तुकडे, वरची दोन पानं ठेवून बाकी काढलेली, रूटिंग पावडर लावून कोकोपीट आणि वाळूत खोचा, वर प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली कापून उपडी ठेवा आणि सावलीत ठेवा. मिनिएचर आणि पॉलिअँथा असे सहज लागतात, आणि स्वतःच्या मुळावरचं झाड असल्यामुळे खुंटाच्या फुटव्यांची कटकटच नाही. दीड-दोन महिने उपटून मुळं बघायचा मोह आवरा, नवी पालवी पक्की झाल्यावरच ६ इंची कुंडीत हलवा.