मुंबईत व्हिसा नाकारला, जोडीदार अमेरिकेत: ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’ची फाईल मराठवाड्यात बसून कशी तयार करायची

बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत होते, पासपोर्ट परत मिळतो आणि सोबत एक कागद हातात पडतो. कागदावर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१२ च्या एका पोटकलमापुढे खूण असते. परतीच्या प्रवासात घरच्यांना एवढंच उमगलेलं असतं की आता दहा वर्षं जाता येणार नाही. बायको आणि लेकरं तिकडे, नवरा इकडे. ही बंदी माफ करून घेण्यासाठी आय-६०१ नावाचा अर्ज असतो, आणि त्यात अमेरिकेतल्या जवळच्या माणसाला बंदीमुळे ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’, म्हणजे नेहमीपेक्षा फार मोठे कष्ट, होतील हे दाखवावं लागतं. त्या कागदापासून पुढे काय करायचं ते इथे सांगितलं आहे. नवरा इकडे आहे असं धरून लिहिलं आहे. बायको इकडे असेल तरी नियम तेच.

आधी बंदी खरंच लागते का ते मोजा

मुदत संपल्यावर अमेरिकेत सलग १८० दिवसांपेक्षा जास्त, पण एका वर्षापेक्षा कमी राहून स्वतःहून देश सोडला, तर तीन वर्षांची बंदी. एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला, तर दहा वर्षांची. पोटकलम २१२(ए)(९)(बी) असं सुरू होतं. शेवटी रोमन एक असेल तर तीन वर्षं, रोमन दोन असेल तर दहा. बंदीची वर्षं देश सोडल्याच्या तारखेपासून मोजतात, मुलाखतीच्या तारखेपासून नाही.

मोजणीसाठी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरताना कधीपर्यंत राहायची परवानगी मिळाली त्याची नोंद काढा. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत इथे उपयोगाची नाही. आय-९४ वर जी तारीख आहे, तिच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्य सुरू होतं. इथे तीन गोष्टी नीट बघा, कारण त्यात अनेकांची बंदी मुळातच लागत नाही. विद्यार्थी म्हणून एफ-१ वर गेलेल्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ (विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेपर्यंत) लिहिलेलं असेल, तर कॉलेज सोडलं म्हणून आपोआप दिवस मोजले जात नाहीत. इमिग्रेशन खात्याने किंवा इमिग्रेशन न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्यानंतरच ते सुरू होतात. वयाची १८ पूर्ण होण्याआधीचे दिवस धरत नाहीत. आणि दोन वेगवेगळ्या मुक्कामांतले दिवस या कलमाखाली एकत्र जोडत नाहीत. कागदावर चुकीची खूण झाली असेल तर माफीचा अर्ज करायचा नाही, चूक दाखवून द्यायची.

बंदीची दोन-अडीच वर्षं उलटून गेली असतील आणि बंदी तीनच वर्षांची असेल, तर अर्जाच्या नादी लागू नका. आय-६०१ चा निकाल यायला वर्षाहून जास्त वेळ सहज जातो. तोपर्यंत बंदीच संपते.

खोटी माहिती दिल्याचं पोटकलम, म्हणजे २१२(ए)(६)(सी), लागलं असेल तर बंदी कायमची असते. त्यालाही माफी आहे आणि तिथेही कसोटी हीच. पण ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ असं खोटं सांगितल्याचा ठपका असेल, किंवा हद्दपार होऊन पुन्हा चोरवाटेने शिरल्याची नोंद असेल, तर ही फाईल पुरणार नाही. तिथे अमेरिकेतला परवानाधारक इमिग्रेशन वकीलच गाठा. इथला व्हिसा एजंट ते काम करू शकत नाही.

कष्ट कुणाचे, हा पहिला प्रश्न

सगळ्यात जास्त फाईली इथेच फसतात. कायदा ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’ मानतो ती माणसं म्हणजे अर्जदाराचा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार, आणि तसेच आई किंवा वडील. मुलं त्यात नाहीत. गावात एकट्या पडलेल्या नवऱ्याचे हाल त्यात नाहीत. परभणीत अंथरुणाला खिळलेली अर्जदाराची आईही नाही, जर ती भारतीय नागरिक असेल आणि तिच्याकडे ग्रीन कार्ड नसेल.

आपल्याकडे कष्ट सांगताना माणूस साऱ्या घराचे सांगतो, ते स्वाभाविकच आहे. पण इथे प्रत्येक कष्ट अमेरिकेतल्या त्या एका माणसापर्यंत नेऊन पोचवावा लागतो. सासूला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, एवढं लिहून काही मिळत नाही. सुनेला त्यासाठी दर महिन्याला किती डॉलर पाठवावे लागतात, त्यामुळे तिचं घरभाडं किती वेळा थकलं, दोन वेळा विनापगारी रजा घेऊन यावं लागलं तेव्हा किती पगार गेला, हे लिहिलं की तोच आजार मोजला जातो. मुलाचंही तसंच. मुलाला ऑटिझम आहे हे मुलाचं दुःख झालं. त्याच्या थेरपीला नेणारं दुसरं कुणी नाही म्हणून आईला रात्रपाळी सोडावी लागली, हे आईचं नुकसान, आणि कायदा तेच बघतो.

दुसरी कसोटी ‘एक्स्ट्रीम’ या शब्दाची. ताटातूट, पैशांची ओढाताण, नव्या देशात जुळवून घेण्याचा त्रास, तिथलं शिक्षण किंवा दवाखाना कमी दर्जाचा असणं, हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं असं मानलं जातं. नुसतं तेवढं कमी पडतं. पण हे सगळं एकत्र धरून वजन करायचं असतं. मध्यम स्वरूपाची पाच कारणं, प्रत्येकाला पुरावा, आणि एकात दुसरं कसं गुंतलं आहे ते दाखवलेलं, अशी फाईल एका मोठ्या पण कागद नसलेल्या कारणापेक्षा चांगली टिकते.

बाजू दोन असतात: ती तिकडे राहिली आणि नवरा इकडे, तर तिचं काय होईल, आणि ती मराठवाड्यात राहायला आली, तर काय होईल. एका बाजूवरही मंजुरी मिळू शकते, पण मग प्रत्यक्षात तेच घडेल हे पटवावं लागतं. शक्य तिथे दोन्ही बाजू लिहा.

तिकडचे कागद

फाईलचा कणा म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराचं स्वतःचं निवेदन. तीन ते पाच पानं पुरतात. ‘मी त्यांच्याशिवाय जगू शकत नाही’ असं लिहून अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पहाटे पाचला उठण्यापासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने लिहा. नवरा असताना कोणतं काम कोण करायचं, आता कोण करतं, कोणतं होतच नाही. महिन्याचा जमाखर्च दोन रकान्यांत मांडा, आधीचा आणि आताचा. प्रत्येक विधानापुढे पुराव्याचा क्रमांक टाका. शेवटी, अमेरिकेच्या कायद्यानुसार खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून हे खरं सांगत आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, सही आणि तारीख हवी. स्टँपपेपर लागत नाही.

डॉक्टरांच्या पत्रात निदान, कधीपासून, औषधं आणि मात्रा, रोज कोणती मदत लागते, ती न मिळाल्यास काय होतं, हे सगळं यायला हवं. ‘रुग्ण तणावाखाली आहे’ हे एका ओळीचं पत्र जोडून उपयोग नाही. मानसिक आरोग्याचा अहवाल परवानाधारक तज्ज्ञाचा असावा आणि एकाच भेटीवर बेतलेला नसावा. अर्ज भरायच्या आठवड्यात काढलेला आणि त्यानंतर उपचारच सुरू न केलेला अहवाल अधिकारी बाजूला ठेवतात. त्रास खरा असेल तर उपचार आधी सुरू करा, कागदासाठी नव्हे, तिच्यासाठी.

मराठवाड्यातून काय गोळा करायचं

ती इकडे आली तर, ही बाजू इथल्या माणसांनीच उभी करायची असते. अमेरिकेतल्या वकिलाला अहमदपूर आणि औंढा यांतला फरक ठाऊक नसतो.

दवाखान्यापासून सुरुवात करा. तिला लागणारा तज्ज्ञ आणि यंत्रणा गावापासून किती दूर आहे, तालुक्याला काय आहे, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या घाटीत काय आहे, एसटीने किती तास लागतात, हे नकाशा आणि वेळापत्रकासह दाखवा. स्थानिक डॉक्टरांचं पत्र घ्या: ‘हे औषध किंवा ही तपासणी इथे मिळत नाही, सर्वांत जवळ अमुक ठिकाणी’. त्यावर नोंदणी क्रमांक, तारीख आणि शिक्का पाहिजे.

उत्पन्न आकड्यांत मांडा. सातबारा, आठ-अ आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. मग हिशोब करा. तीन एकर सोयाबीन, एकरी आठ क्विंटल धरलं तर २४ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे वर्षाला १,२७,८७२ रुपये, बियाणं-खत-मजुरी न वजा करता. डॉलरमध्ये हे साधारण दीड हजारापेक्षा कमी भरतं. तिच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता याच्या शेजारी ठेवला की जास्त लिहावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांपेक्षा कमी असेल तर ती यादी जोडा. दुष्काळाचा तो सरकारी पुरावा आहे. पैसेवारी म्हणजे काय हे अनुवादाखाली दोन ओळींत समजावून द्या, नाहीतर पैशाचं नाणं समजलं जाईल.

पाण्याबद्दल जुन्या बातम्यांवर विसंबू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ही पार्श्वभूमी म्हणून चालते. अधिकारी विचारतो ते आजचं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टंचाई शाखेकडून चालू वर्षाची टँकरची यादी मिळते. त्यात आपलं गाव नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

कायद्याचे अडसरही मांडा. अमेरिकी नागरिक असलेल्या पत्नीला भारतीय नागरिकाची जोडीदार म्हणून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहता यावं यासाठीचं) हवं असेल, तर लग्न नोंदलेलं आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. ओसीआय मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ती नर्स असेल तर इथे नोंदणी केल्याशिवाय काम नाही. तिला मराठी येत नसेल तर तेही लिहा: तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना, बँक, शाळा कोणत्या भाषेत चालते ते ठोसपणे सांगा.

एक कळकळीची सूचना. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवास सूचनेत महाराष्ट्राचा पूर्व भाग नक्षली हिंसेसाठी वेगळा नमूद असतो. मराठवाडा त्यात धरून धोका वाढवून सांगू नका. एक अतिशयोक्ती सापडली की बाकी साठ खऱ्या पानांवरचा विश्वास जातो. ओळखीच्या दवाखान्यातून खोटं प्रमाणपत्र आणणं तर त्याहून घातक आहे. दहा वर्षांची बंदी त्यामुळे कायमची होऊ शकते.

गावकऱ्यांची पत्रं तीन-चार पुरेत. ‘कुटुंब सुस्वभावी आहे’ हा सरपंचांचा नेहमीचा दाखला कामाचा नाही. शेजाऱ्याने स्वतः काय पाहिलं, कधी पाहिलं, ते त्याच्याच शब्दांत मराठीत लिहून घ्या आणि मग अनुवाद करा.

नावं, तारखा, गावं

आपल्याकडे लग्नात सुनेचं पहिलं नावसुद्धा बदलतात. टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. राजपत्रात नाव बदलल्याची प्रत असेल तर उत्तम, नसेल तर सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. जुन्या टीसींवर जन्मतारीख १ जून असणं मराठवाड्यात सर्रास आहे, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच टाकलेली असते. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत वेगळी तारीख असेल तर ती लपवू नका, खुलासा जोडा. नोंदच नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि टीसी व वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं सोबत लावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घर जाऊन कागद गेले असतील तर त्या खुलाशात तेही लिहा.

पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव, हा गोंधळ आता नेहमीचा आहे. नामांतराची शासकीय अधिसूचना एकदाच अनुवादासह जोडा.

अनुवाद नोटरी केलेलाच हवा असं नाही. अनुवादकाने सहीनिशी लिहायचं की अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे आणि दोन्ही भाषा त्याला येतात. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०५/०६ अमेरिकेत ६ मे होतो. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, म्हणजे ‘नमुना ई’, शिक्क्यातल्या मजकुरासकट अनुवादित करा.

पाठवणं आणि पुढे

आय-६०१ ची फी १,०५० डॉलर आहे. भरण्याच्या दिवशी इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा, कारण रक्कम चुकली की पूर्ण पाकीट परत येतं. चेक आता घेत नाहीत, अमेरिकी बँकेचं कार्ड किंवा खातं लागतं. त्यामुळे पैसे आणि पाकीट दोन्ही जोडीदाराने तिकडूनच पाठवलेलं बरं. आय-६०१ए नावाचा वेगळा फॉर्म फक्त अजून अमेरिकेत असलेल्यांसाठी आहे. भारतात आलेल्याने तो भरू नये.

पावती आली की तिची प्रत मुंबईच्या वकिलातीला केस नंबरसह ईमेल करा. नकारानंतर वर्षभर काहीच हालचाल दिसली नाही तर केस बंद होण्याच्या वाटेला लागते.

मध्येच जादा पुरावा मागणारं पत्र येऊ शकतं. त्याला एकदाच उत्तर देता येतं, म्हणून मुदतीच्या आत सगळं एकत्र द्या, तुकड्यातुकड्याने नाही. नामंजूर झालं तर अपिलाला ३० दिवस असतात, निर्णय टपालाने आला असेल तर ३३, फॉर्म आय-२९०बी. पण नकारपत्रात ‘पुरावा अपुरा’ एवढंच कारण असेल तर अपिलापेक्षा नवा पुरावा घालून नवा अर्ज करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. बंदीची उरलेली वर्षं मोजूनच ते ठरवा.

मंजुरी आली की वकिलात पुन्हा बोलावते. तोपर्यंत वैद्यकीय तपासणीची सहा महिन्यांची मुदत बहुतेक संपलेली असते, ती वकिलातीने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे पुन्हा करावी लागते. पोलिस क्लिअरन्सला दोन वर्षं होऊन गेली असतील तर पासपोर्ट सेवा केंद्रातून नवीन काढा. मुलाखतीची तारीख हातात येण्याआधीच त्याचा अर्ज टाका, कारण गावच्या ठाण्यातली पडताळणी कधी आठवड्यात होते, कधी महिनाभर रखडते.