आठवणीची चित्र-चाचणी करताना या चुका टाळा

तासगावच्या एक आजी मुलासोबत आल्या होत्या. हातात आधीच्या तपासणीचा कागद, त्यावर ठळक ओळ: आकृती काढता आली नाही, स्मृतिभ्रंशाची शक्यता. मुलाचा चेहरा पार उतरलेला. मी कोरा कागद पुढे केला, तर आजींनी पेन्सिल मुठीत धरली, खुरपं धरावं तशी. म्हणाल्या, "पोरी, पाटीसुद्धा कधी हातात घेतली न्हाई ग मी."

मग मी कागद बाजूला ठेवला आणि कापडी पिशवी काढली. आत १० वस्तू. कुलूप, चमचा, सुपारी, फणी, असं रोजच्या वापरातलं. एकेक वस्तू चाचपून ओळखायची, बाहेर काढून बघायची, मग थोडा वेळ दुसऱ्याच गप्पा, आणि नंतर विचारायचं, पिशवीत काय काय होतं? आजींनी ९ सांगितल्या. ३० वर्षं बेदाणा निवडलेली बाई ती. हिरवा, पिवळा, काळा नुसत्या नजरेनं वेगळा करणारी. कागदावरची रेघ मात्र तिच्या ओळखीची नव्हती, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. पिशवीची ही कल्पना पॉला फुल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची. वस्तू तेवढ्या मी आपल्याकडच्या घेते, म्हणून त्या आकड्याकडे अंदाज म्हणूनच बघते.

पहिली चूक ही अशी होते. चित्र आठवलं नाही की लगेच आठवणीवर बोट. पण चित्र आठवण्याआधी ते दिसावं लागतं, समजावं लागतं, हातातून उतरावं लागतं. यातली एक पायरी जरी निसटली तरी गुण जातात. म्हणून जवळचा चष्मा आणि कानाचं मशीन घेऊनच या. चष्मा घरी राहिला असेल तर सरळ दुसरी तारीख मागा, संकोच करू नका. शाळा किती झाली हे विचारलं नाही, तर आपणहून सांगा. मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत ३० पैकी २६ गुण म्हणजे ठीक मानतात आणि १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर १ गुण वाढवून देतात. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला तो एक गुण कसा पुरणार? हरियाणातल्या बल्लभगढजवळच्या गावांत न शिकलेल्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी करावी लागली, ती याच अडचणीमुळे.

नक्कल न बघता आठवण मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञांची गुंतागुंतीची आकृती १९४१ पासून वापरात आहे. तिचे १८ भाग, प्रत्येकाला २ गुण, एकूण ३६. आधी समोर बघून काढायची, मग ती नजरेआड करतात आणि थोड्या वेळानं एकदा, साधारण ३० मिनिटांनी पुन्हा, आठवून काढायला सांगतात. घरच्यांच्या हातात पडतो तो बहुतेकदा शेवटचा आकडा. तुम्ही बघून काढल्याचे आणि आठवून काढल्याचे, दोन्ही गुण मागा.

बघून काढताना ३४ आणि आठवून ६, तर काळजी आठवणीची. बघूनच १८ आणि आठवून १०, तर आधी डोळे, हात, लक्ष आणि आकृती समजून घेण्याची ताकद तपासायला हवी. मग ओळखायला लावायचं: यातला कोणता तुकडा मघाच्या आकृतीत होता? स्वतःहून आठवत नाही पण दाखवल्यावर ओळखतो, अशा वेळी उदासीनता, अपुरी झोप किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास यांचाही विचार होतो. दाखवूनही ओळखत नाही, तर ते मेंदूत साठलंच नसावं. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस लवकर दुखावतो, त्यामुळे तिथे असं जास्त दिसतं.

एक प्रकार क्वचित दिसतो पण फार छळतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात नजर चांगली आहे, चष्मा तीनदा बदलून झाला, तरी वाचताना ओळ सुटते, समोरचा कप चाचपडावा लागतो, साधी आकृतीही बघून काढता येत नाही. आठवण मात्र सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत. यात मेंदूचा मागचा भाग आधी झिजतो. असं असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

वेळ चुकली तर

जतहून पहाटेची एसटी पकडून मिरजेला यायचं, रक्त द्यायचं म्हणून उपाशी राहायचं आणि तसंच चाचणीला बसायचं! मधुमेह असलेल्या माणसाचं त्यात काय होणार? रक्त द्या, खाऊ द्या, तासभर टेकू द्या. ताप किंवा लघवीचा संसर्ग नुकताच झाला असेल, दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं असेल, तर थांबा; त्या गोंधळातला निकाल धरायचा नाही. झोपेच्या, सर्दीच्या, लघवी रोखण्याच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं, म्हणून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. बी-१२, थायरॉइड आणि सोडियम तपासून झालं का, हेही विचारा.

मुलं मोबाइलवरून चाचणी उतरवून आईकडून आठवडाभर गिरवून घेतात. मायेपोटीच करतात, पण मग गुण सरावाचे मिळतात आणि आजार झाकला जातो. मी इथे एकाही आकृतीचं वर्णन केलेलं नाही, ते याचसाठी. तीच चाचणी लवकर पुन्हा घ्यायची वेळ आली तर दुसऱ्या आकृतीचा संच मागा. खोलीत मागून "अगं आई, ते आपलं..." असं सुचवू नका.

उलटी चूकही होते. निवृत्त शिक्षक, ३० पैकी २८ गुण, घरचे निर्धास्त. पण तेच गुरुजी सांगलीत विश्रामबागेतून गणपती मंदिराकडे जाताना नेहमीच्या वळणावर थबकतात. भरपूर शिकलेला माणूस सुरुवातीची घसरण गुणांत दिसू देत नाही. अशा वेळी वही ठेवा. तारीख, ठिकाण, नेमकं काय झालं. "विसरतात" एवढंच नको. "हरिपूरच्या संगमावरून परतताना रिक्षा भलत्याच गल्लीत घ्यायला सांगितली, दोनदा" असं लिहा. आणि ६ महिन्यांनी पुन्हा तपासणीला येताना जुन्या अहवालासोबत ती वही घेऊन या.