वाचनाचा संकल्प मार्चमध्येच का अडकतो? हिशेबातल्या या चुका टाळा

‘यंदा २४ पुस्तकं वाचणार’ असं जानेवारीत ठरतं, नवी वही येते, पहिली दोन-तीन नावं सुवाच्य अक्षरात लिहिली जातात. मार्च उजाडेपर्यंत वही कपाटात गेलेली असते. गंमत म्हणजे वाचन बहुतेक वेळा चालूच असतं, बंद पडतो तो हिशेब. आणि तो बंद पडला की ‘आपलं काही होत नाही’ असं वाटून वाचनही मागे पडतं. आळसाला दोष देण्याआधी हिशेब कसा मांडलाय ते बघा, कारण निम्मी गडबड तिथेच असते.

वर्षाचे बारा सारखे तुकडे करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २४ पुस्तकं, १२ महिने, म्हणजे महिन्याला दोन. सरासरी पुस्तक २५० पानांचं धरलं तर ६,००० पानं होतात. ३६५ दिवसांनी भागलं की रोज साडेसोळाच्या आसपास. कागदावर हे अगदी सोपं वाटतं.

पण नाशिकमधलं वर्ष सगळ्यांसाठी सारखं कुठे असतं? निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या घरात जानेवारी ते मार्च खुडा, व्यापारी आणि गाड्या यांतच जातात, एप्रिलमध्ये खरड छाटणी येते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुन्हा डोकं वर काढायला फुरसत नसते. सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्याचा मार्च जातो, मग रिटर्नचा जुलै जातो, ऑडिटचा सप्टेंबर तर विचारूच नका. शिक्षकांचे पेपर तपासायचे आठवडे वेगळे. त्यात लग्नसराई, गणपती, नवरात्र, दिवाळी. असे नुसते शंभर दिवस वजा केले तरी उरलेल्या २६५ दिवसांत रोज साडेबावीस पानं वाचावी लागतात. पानाला दोन मिनिटं लागत असतील तर हा पाऊण तास झाला. साडेसोळा पानांचा संकल्प करून बसलेला माणूस इथे तोंडावर पडतो आणि कारण त्याच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आकडा ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. कामाचे, कार्याचे महिने आधी काट मारून बाजूला काढा. त्यांत शून्य धरा, अगदीच वाटलं तर एखादं छोटं पुस्तक. उरलेल्या महिन्यांवर वजन टाका. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस आणि डिसेंबरची थंडी वाचायला चांगली, पण ज्याचा डिसेंबर कामात जातो त्याने माझं ऐकू नये. २०२७ चा संकल्प करणाऱ्यांनी तर ऑगस्ट-सप्टेंबर आत्ताच काट मारावेत. सिंहस्थाची मुख्य स्नानं त्या दोन महिन्यांत आहेत, आणि पंचवटीत ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे पाहुण्यांचा मुक्काम ठरलेलाच.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ‘रोज वीस पानं’ हा नियम पहिल्या पाळीच्या आठवड्यात नीट चालतो आणि रात्रपाळीत मोडतो. एकदा मोडला की पुढेही मोडतच राहतो. त्यांनी रोजचा हिशेब ठेवूच नये. पाळ्यांचा पूर्ण फेरा जेवढ्या आठवड्यांचा, तेवढ्याचा मिळून एक आकडा ठरवावा.

अ‍ॅपचा शेरा मनावर घेणं

गुडरीड्स या वाचनाच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवर वर्षाचं आव्हान घेतलं की ते तुमचा आकडा दिवसांवर सारखा वाटून टाकतं आणि मग ‘तुम्ही चार पुस्तकं मागे आहात’ असं सांगतं. त्याला छाटणी माहीत नाही, मार्चअखेर माहीत नाही. शेरा वाचून खंतावू नका. वर्ष चालू असताना आकडा बदलता येतो, बदलून टाका.

‘वाचलं तरी मोजणीत आलं नाही’ ही तक्रारही नेहमीची. बहुतेक वेळा पुस्तक ‘वाचलेलं’ या कप्प्यात गेलेलं असतं, पण वाचून संपल्याची तारीख टाकलेली नसते किंवा चुकून दुसऱ्या वर्षाची पडलेली असते. तारीख दुरुस्त केली की मोजणी सुधारते. मराठी पुस्तकांचं आणखी एक दुखणं म्हणजे एकच पुस्तक देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत दोन-तीनदा सापडतं, पानांची जागा रिकामी असते. आवृत्ती ठरवायला पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा किंवा आतल्या पानावरचा आयएसबीएन (आवृत्तीचा ओळख) क्रमांक टाकून शोधा. जुन्या पुस्तकांवर तो नसतोच, तिथे वही बरी. खरं सांगायचं तर मराठी वाचनासाठी मला वहीच बरी वाटते.

फक्त संपलेली पुस्तकं लिहिणं

वहीत फक्त ‘संपलेली’ लिहिली तर वर्षाचा अर्धा भाग दिसतच नाही. दीडशे पानं वाचून ठेवलेली जाड कादंबरी, आजारपणात हातात घेतलेलं आणि मग विसरलेलं आत्मचरित्र, या सगळ्याचा वेळ गेलेला असतो, पण नोंद शून्य. मग दोन महिने ‘काहीच वाचलं नाही’ असं वाटतं.

प्रत्येक पुस्तकासमोर चार गोष्टी लिहा: कधी हातात घेतलं, कुठल्या पानावर थांबलात, संपलं की सोडलं, आणि सोडलं तर का. ‘का’ला दोन शब्द पुरे. ‘अक्षर बारीक’, ‘गाडीत जड’, ‘कंटाळा’, ‘मामा घेऊन गेला’. तीन महिन्यांनी हा रकाना वरून खाली वाचला की खरं दुखणं कळतं. चार पुस्तकांपुढे ‘गाडीत जड’ असेल तर प्रश्न वेळेचा नाही, पुस्तक निवडण्याचा आहे. जाड पुस्तक घरी उशाशी ठेवा, पिशवीत कथासंग्रह टाका.

सोडलेलं आणि पडून राहिलेलं यांत फरक करा. सोडणं हा निर्णय आहे, त्याची बिनदिक्कत नोंद करावी. पडून राहिलेलं पुस्तक मात्र नवीन काही हातात घेऊ देत नाही. पन्नास पानांनंतर ओढ लागली नाही तर सोडायचं, असा नियम करून बघा. मान्यवर लेखकाचं असलं तरी.

काय मोजायचं ते न ठरवणं

दिवाळी अंक पुस्तक धरायचा का? नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न पडला की मन सोयीचं उत्तर देतं. अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे थोडेच, बहुतेक जण कथा, दोन लेख आणि राशिभविष्य वाचतात. त्याला वेगळा रकाना द्या, पुस्तकांत मिसळू नका. ऐकलेलं पुस्तक, मुलांना झोपताना वाचून दाखवलेलं पुस्तक, दुसऱ्यांदा वाचलेलं पुस्तक, यांचंही जानेवारीतच ठरवा. उत्तर काहीही चालेल, मधेच बदलू नका म्हणजे झालं.

नुसत्या संख्येचा आणखी एक दोष आहे. डिसेंबर आला की हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो. कवितासंग्रह तासाभरात ‘उरकला’ जातो. कवितेची यापेक्षा वाईट हेळसांड दुसरी नाही. पानं किंवा तास मोजले की हा मोह कमी होतो.

प्रवासाचा सगळा वेळ वाचनाचा धरणं

पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक हमखास हे गणित मांडतात: मुंबईला जायला साडेतीन-चार तास, यायला तेवढेच, आठवड्याला एक पुस्तक सहज. सकाळी डोळे मिटलेले असतात, संध्याकाळी गप्पा आणि पत्ते. एक आठवडा प्रत्यक्षात किती पानं होतात ते मोजा आणि तोच आकडा धरा. कसारा घाटात मोबाइलची रेंज जाते, तेवढा वेळ तरी पक्का आहे.

विकत घेतलं म्हणजे वाचलं

प्रदर्शनातून आणलेल्या पुस्तकाला परतीची तारीख नसते, म्हणून ते थांबून राहतं. वाचनालयाच्या पुस्तकाला ती असते. १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या शहरात आहे; तिथली वर्गणी म्हणजे फुकटात मिळालेला तगादा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातही पुस्तकांची पेटी पुढच्या लोकांकडे जायची असते, त्यामुळे चालढकल आपसूक कमी होते. घरातल्या न वाचलेल्या पुस्तकांनाही वहीत परतीची तारीख लिहून बघा. बऱ्याच जणांना जमतं.

हिशेब तपासायला महिन्याची पहिली तारीख निवडू नका, ती बिलांची असते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, जूनअखेर आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, एवढे तीन मुक्काम पुरतात.

जुलै आला आणि सहाच पुस्तकं झाली, तर?

राहिलेली १८ सहा महिन्यांत संपवायला निघालात तर महिन्याला तीन वाचावी लागतील, आणि आतापर्यंत तर एकच होत होतं. उरलेले मोकळे महिने मोजा, वेग फार तर दीडपट धरा. सहाही महिने मोकळे असतील तर आणखी नऊ, एकूण पंधरा. जुना आकडा खोडा, पण दिसेल असा. पुढच्या जानेवारीत तो उपयोगी पडतो.

आणि मधले दोन-तीन महिने नोंदच केली नसेल तर वही फेकू नका. वाचनालयातल्या देवघेवीच्या तारखा, ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकांची यादी, दुकानात केलेलं यूपीआय पेमेंट, कुणाला तरी पाठवलेला पानाचा फोटो, एवढ्यावरून बहुतेक नावं सापडतात. नेमकी तारीख आठवत नसेल तर नुसता महिना लिहा, तोही आठवत नसेल तर ‘पावसाळ्यात’ लिहून पुढच्या ओळीवर जा.