घाट संपल्यावर कोणाबरोबर जाणार?

चोरलहून इंदूरला परतताना भेरूघाट लागतो. सायकल घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी तो घाट चार सोबत्यांना मागे टाकून चढलो. वर पोहोचून मागे पाहिलं तर कोणी नव्हतं. सिमरोल ओलांडलं, सपाट रस्ता आला आणि उत्तरेचा वारा थेट तोंडावर आला. तेजाजीनगरच्या अलीकडेच त्या चौघांनी मला गाठलं आणि ते पुढेही निघून गेले. चौघे आळीपाळीने वारा झेलत होते, मी मात्र सगळा वारा एकटा खात होतो.

आमच्यातले सर्वात जुने सायकलस्वार राजेंद्रनगरचे. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. चहाच्या टपरीवर ते एवढंच म्हणाले, "घाट छान चढलास रे. पण घाट संपल्यावर तू कोणाबरोबर जाणार होतास?"

टूर द फ्रान्समधला डोंगराचा टप्पा मला कळायला लागला तो या प्रश्नामुळे. तुम्ही नुकतेच रस्त्यावरच्या सायकलिंगकडे वळला असाल, पुढे शर्यतीत उतरायचं मनात असेल, तर आपल्या वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास टप्पा संपत येतो तेव्हा सर्वात पुढच्या माणसाकडे बघू नका. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी कोणत्या संघाची किती माणसं उरली आहेत, ती मोजा.

टूर, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्ता या मोठ्या तीन शर्यतींत एका संघात आठ जण असतात. सपाटीवर दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की ताकद खूप वाचते. चढावर वेग कमी असल्यामुळे ही बचत घटते, पण पूर्ण जात नाही. मग चढावर सोबती कशाला? एक कारण म्हणजे लय. सोबती पुढे राहून असा वेग धरतो की तो आपल्या नायकाला, म्हणजे संघ ज्याला जिंकवायला निघालाय त्याला, जेमतेम झेपतो आणि बाकीच्यांचा दम निघतो. आधीच इतक्या वेगात असलेल्या गटातून उसळी मारणं प्रतिस्पर्ध्याला फार महाग पडतं. शिवाय मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून आणणं, नायकाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देणं, ही कामंही सोबत्याचीच. ही कामं करून तो स्वतः वीस-पंचवीस मिनिटं मागे पोहोचतो, आणि त्याने तसंच पोहोचायचं असतं.

2022 च्या टूरमधला अकरावा टप्पा शोधून पूर्ण बघा. पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सर्वात पुढे होता आणि त्याच्या संघातले दोघे आजारपणामुळे आधीच घरी गेले होते. जंबो-व्हिस्मा या प्रतिस्पर्धी संघाकडे रोग्लिच आणि विंगेगार असे दोन नायक. गालिबिएचा घाट चढताना हे दोघे आळीपाळीने निसटायला लागले. एक सुटला की पोगाचारने धावायचं, त्याला गाठलं की दुसरा सुटायचा. दोघांपैकी कोणालाच जाऊ देणं परवडणारं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी उत्तर त्याला स्वतःच द्यावं लागत होतं. त्या क्षणी तो खचलेला दिसला नाही. खचला तो पुढच्या चढावर, कोल द्यू ग्रानोंवर. तिथे तो विंगेगारच्या 2 मिनिटं 51 सेकंद मागे पडला. मला विचाराल तर तो हरला गालिबिएवर, ग्रानोंवर फक्त हिशेब चुकता झाला.

काकांच्या प्रश्नाचं थेट उत्तर मात्र 2025 च्या जिरोत मिळालं. विसाव्या टप्प्यात कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा साडेअठरा किलोमीटरचा चढ होता, त्याचा वरचा भाग कच्च्या रस्त्याचा. एकूण आघाडीची गुलाबी जर्सी देल तोरोकडे, कारापास त्याच्यामागे 43 सेकंदांवर आणि सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंदांवर. येट्सच्या संघाने त्याचा सोबती फान आर्ट याला सुरुवातीलाच पुढे निघालेल्या गटात पाठवून ठेवलं होतं. येट्स चढावर एकटा सुटला आणि वर पोहोचला, तेव्हा पुढे फान आर्ट त्याच्यासाठी थांबला होता. सेस्त्रिएरेच्या दिशेने जाणाऱ्या दरीतल्या रस्त्यावर त्याने येट्सला ओढत नेलं. मागे देल तोरो आणि कारापास एकमेकांकडे बघत राहिले, पाठलागाचं ओझं दोघांपैकी कोणीच उचललं नाही. येट्सने तो जिरो 3 मिनिटं 56 सेकंदांनी जिंकला. 2018 मध्ये याच चढाच्या टप्प्यात, फ्रूमने 80 किलोमीटर एकट्याने मारले त्या दिवशी, येट्सची गुलाबी जर्सी गेली होती. म्हणून दरीतला तो भाग मी तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा डोळे भरून आले.

आता तुमच्यासाठी. पहिलं वर्ष सोबत्याचं काम शिका, कितीही दम असला तरी. पुढे आलात की गटाचा वेग जेवढा होता तेवढाच ठेवा. नवा मुलगा पुढे येतो आणि जोश दाखवायला ताशी तीन-चार किलोमीटर वेग वाढवतो. त्याच्यात आणि मागच्यात अंतर पडतं, ते भरून काढताना शेवटचा माणूस मागे सुटतो. तुमची पाळी संपली की आधी मागे नजर टाका, मग हळूच बाजूला व्हा, ब्रेक लावू नका. चढावर नायकाचा श्वास ऐकत राहा. बोलता येत असेल तर वेग ठीक आहे, तो गप्प झाला की किंचित कमी करा. खाणं-पाणी चढ सुरू व्हायच्या आधीच होऊ द्या, कारण चढावर घास गिळवत नाही. भेरूघाटात ट्रकची रहदारी असते, त्यामुळे तिथे एकामागे एकच चालवा. आळीपाळीने पुढे येण्याचा सराव इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर भल्या पहाटे करा.

आता मी घाट चढतो तो आमच्या गटातल्या एका मुलीच्या पुढे राहून. ती आमच्यात सर्वात हलकी आणि चढावर सर्वात चपळ. शेवटच्या वळणाआधी मी बाजूला होतो आणि ती निघून जाते. वर आमच्यातले दोघे आधीच पोहोचलेले असतात, सिमरोलच्या बाजूला तोंड करून, एक पाय जमिनीवर टेकून तिची वाट बघत.