कोल्हापुरात नव्याने आलेल्यांसाठी: महिन्याचा हिशेब वर्षाकडे पाहून मांडावा

नोकरीनिमित्त कोल्हापुरात येणारी बहुतेक कुटुंबे घरभाडे, किराणा, दूध, वीज आणि पेट्रोल यांची बेरीज पगारातून वजा करतात आणि उरलेली रक्कम शिल्लक आहे असे धरून चालतात. नांदेडकडून येऊन मी येथे स्थायिक झालो त्याला बरीच वर्षे झाली. माझे मत असे की येथे एखाद्या महिन्याचा हिशेब त्या महिन्यापुरता जुळवता येत नाही, कारण संसाराचे मोठे खर्च हंगामाने येतात. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी आणि धान्य, जूनमध्ये शाळा, भाद्रपदात तालमीची, म्हणजे गल्लीतल्या मंडळाची, गणपतीची वर्गणी, पुढे दिवाळी व गावाकडचा प्रवास, आणि भाड्याने राहत असल्यास अकरा महिन्यांनी करारनाम्याचे नूतनीकरण, असा हा क्रम असतो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर महिन्याचा नव्हे, वर्षाचा खर्च लिहावा. नमुन्यादाखल चटणीला ४,००० रुपये, धान्याला १२,०००, शाळेला १५,०००, सणवार व प्रवासाला १२,०००, करारनाम्याला २,००० आणि गाडीचा विमा व दुरुस्तीला ३,००० धरले, तर एकूण ४८,००० रुपये, म्हणजे दरमहा ४,००० होतात. हा हप्ता पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाकावा आणि त्या खात्याला मोबाइलवरून पैसे देण्याची सोय जोडू नये. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पगार सात ते दहा तारखेच्या सुमारास होतो, तेव्हा वहीतला महिनाही एक तारखेपासून न धरता दहापासून धरावा.

चटणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाहेरून आलेल्यांचा अंदाज येथेच चुकतो. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची घेतली की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात सुके खोबरे, तीळ, धने, लसूण, कांदा, खडा मसाला आणि तळणीचे तेल यांचा खर्च मिरचीच्या बरोबरीने जातो. मिरची उन्हात वाळवल्यावर वजनात घटते, देठ काढल्यावर आणखी घटते, त्यामुळे लागणाऱ्या वजनापेक्षा थोडी अधिकच घ्यावी लागते. डंकावर कुटून घेताना दर नुसत्या मिरचीच्या वजनावर आहे की सगळ्या मिश्रणाच्या, हे आधी विचारावे. दोघांच्याच संसाराला वर्षाची चटणी करण्याचा अट्टहास करू नये; ओळखीच्या घरगुती चटणी करणाऱ्या बाईंकडून किलो-दोन किलो घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मटणाचा हिशेब महिन्यावर न धरता रविवारांवर धरावा. पाच रविवारांचा महिना नेमका ओढाताणीचा ठरतो, आणि पाहुणे आले की तांबडा-पांढरा करावा लागतोच, त्यात काटकसर दाखवणे येथे शोभत नाही. श्रावणात वाचणारी रक्कम मात्र सरळ गणपतीच्या खर्चाकडे वळवावी. दुधाचा रतीब लावला असेल तर खाडे कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहावेत.

विजेच्या बाबतीत १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे लक्षात ठेवावेत, कारण टप्पा ओलांडल्यावर पुढील युनिटांचा दर बराच वाढतो. शिवाय महावितरण वर्षातून एकदा सरासरी वापर पाहून अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल देते. मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर ही ठेव कोणी भरायची, हे करारनाम्यातच लिहून घ्यावे.

घर निवडताना कमी भाड्याला भुलण्यापूर्वी २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. महामार्ग बंद झाला की भाजी, दूध आणि पेट्रोल यांची टंचाई उंचावरच्या वस्त्यांनाही जाणवते, त्यामुळे आषाढ लागताना पंधरा दिवसांचा किराणा आणि थोडी रोकड घरात असावी.

कामाच्या ठिकाणी भिशीचे आणि दारावर पिग्मीचे, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे गोळा करून नेणाऱ्या ठेवीचे, आमंत्रण लवकरच येईल. ओळखीतली भिशी वाईट नाही, पण वर्षाच्या हप्त्याचे पैसे तिच्यात घालू नयेत, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि आपला नंबर ऑक्टोबरमध्ये लागतो. पिग्मी लावण्यापूर्वी ती बँकेची आहे की पतसंस्थेची, हे पाहावे. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण नाही.

पहिल्या वर्षी मात्र बाराने भागून चालत नाही. आपण जानेवारीत आला असाल तर शाळेचे १५,००० रुपये जूनपूर्वीच्या पाच पगारांतून, म्हणजे दरमहा ३,००० याप्रमाणे बाजूला काढावे लागतील. तो भार जड वाटल्यास त्या वर्षी धान्य तीन-तीन महिन्यांचे घ्यावे आणि वर्षाची साठवण पुढील उन्हाळ्यावर ढकलावी.