नवी स्कूटर, वडोदऱ्याचा पाऊस: या चुका टाळा

दर जूनमध्ये तेच. पहिली नोकरी लागलेली मुलं स्कूटर घेतात, आठवड्याभरात हात बसला असं त्यांना वाटतं, आणि पहिला मोठा पाऊस झाला की गॅरेजसमोर रांग लागते. खर्च मोठा येतो, म्हणून सगळ्यात महागडी चूक आधी.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारणं

जोराचा पाऊस झाला की अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी भरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. तरी ‘पुढचा गेला ना, मग आपणही जाऊ’ म्हणत लोक गाडी घालतातच. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातला एक मुलगा असाच गेला. शेजारून बस गेली, पाणी फूटबोर्डावर चढलं, त्याने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला. गाडी बंद. लगेच सेल्फ मारला, परत मारला. मग क्षणभर इंजिन लागलं, आतून खाडकन आवाज आला आणि सगळं थंड. मला फोन आला, “काका, बॅटरी उतरली वाटतं.” बॅटरी ठणठणीत होती. मेकॅनिकने इंजिन खोलून कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) हातात ठेवला, त्याचा बाक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला की वाकायला रॉडच उरतो.

वर विम्याचा क्लेम नामंजूर. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे पोरांना वाटतं विमा आहेच. पण थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, त्यात स्वतःच्या गाडीचं काहीच भरून मिळत नाही. पाणी शिरल्यावर इंजिन चालू करून झालेलं नुकसान तर साध्या पूर्ण विम्यातही सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. शोरूममध्ये सही करण्याआधी हे विचारा.

पुढच्या गाडीचा सायलेन्सर बुडालेला दिसला की मी सरळ मागे वळतो आणि जेतलपूर ब्रिज धरतो. उशीर होतो, होऊ दे. गाडी पाण्यात बंद पडलीच तर ढकलत बाहेर काढा, चावी फिरवू नका. मेकॅनिककडून प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढून घ्या, एअर फिल्टर बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

पुढच्या ब्रेकची भीती

‘पुढचा दाबलास तर उडून पडशील’ हे घरातलीच मोठी माणसं शिकवतात, आणि मला याचा मनापासून राग येतो. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक जाम होऊन घसरतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं. कॉम्बीत डावा लिव्हर पुढचा ब्रेकही थोडा लावतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही लिव्हर एकदम, पुढचा हळूहळू आवळत, हँडल सरळ ठेवून. रविवारी सकाळी रिकाम्या डांबरी रस्त्यावर हात बसेपर्यंत हेच करा. पोरांना कंटाळा येतो, त्यांना थेट ऑफिसलाच जायचं असतं.

बाकीच्या

हवा अंदाजाने भरू नका. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, पुस्तिकेत बघा.

हेल्मेटचा पट्टा लावा. कोपरावर अडकवलेल्या हेल्मेटने कोपरच वाचतं.

पहिली सर्व्हिस चुकवू नका. तेव्हा ऑइल बदलतात, आणि नव्या इंजिनातला धातूचा कीस त्याच ऑइलबरोबर बाहेर पडतो.

रॉंग साइडचा शॉर्टकट मला कोणी समजावू नये. वाचतात दोन मिनिटं, आणि समोरून येणाऱ्याने तुम्हाला बघितलंच नाही तर?

आणि डिसेंबर संपत आला की हँडलवर तारेची कमान बसवून घ्या. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आधीपासूनच पुलांवर कापलेला मांजा लोंबत असतो. तो लांबून दिसत नाही आणि थेट गळ्याशी येतो. जाड मफलर गुंडाळा, पुलावर वेग कमी ठेवा, आणि छोट्या मुलाला पुढे उभं करून त्या दिवसांत नेऊच नका.