प्लावक बलाचा प्रयोग करताय? या चुका टाळा

विहिरीतून पोहरा ओढताना तो पाण्यात असेपर्यंत हलका लागतो, पाण्याबाहेर आला की दोर हाताला काचतो. खानापूर, बेळगावकडच्या गावांतली मुलं हे जाणतात. तरीही सातवी-आठवीच्या वहीत उत्तर असतं, ‘पाण्यात वस्तूचं वजन कमी होतं.’ पहिली चूक इथेच. वस्तुमान तेवढंच राहतं, पृथ्वीची ओढही तेवढीच. पाणी वस्तूला खालून वर ढकलतं, त्याला प्लावक बल म्हणतात. ताणकाटा (वस्तू टांगून वजन दाखवणारा स्प्रिंगचा काटा) तेवढं कमी दाखवतो, इतकंच.

प्रयोग असा: ताणकाट्याला टांगलेला दगड आधी हवेत तोलायचा, मग तोटीच्या काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून तोलायचा आणि तोटीतून ओसंडलेलं पाणी मोजायचं. तो नीट झाला तर आकडे साधारण असे येतात: 290 ग्रॅमचा दगड, आकारमान 100 घन सेंमी. हवेत 2.9 न्यूटन, पूर्ण बुडवल्यावर 1.9 न्यूटन. ओसंडलेलं पाणी 100 मिली, म्हणजे 100 ग्रॅम, म्हणजे 1 न्यूटन (1 किलोला 10 न्यूटन धरून). ताणकाट्यावरची घट आणि ओसंडलेल्या पाण्याचं वजन सारखं यायला हवं, हेच आर्किमिडीजचं तत्त्व. नाही आलं, तर आर्किमिडीजला दोष देण्याआधी पुढचं तपासा.

दगड कुठला? आपल्याकडे अंगणात हाताला लागतो तो जांभा, आणि या प्रयोगाला तो सगळ्यात वाईट. त्याला भोकं असतात. पाण्यात सोडला की बुडबुडे येतात, पाणी आत शिरतं आणि ताणकाट्यावरचा आकडा हळूहळू चढत राहतो. काळा, गुळगुळीत दगड घ्या. जांभाच वापरायचा असेल तर रात्रभर भिजवा, वरचं पाणी पुसा आणि मगच हवेतलं वजन घ्या.

भांडं अर्धवट भरलेलं. ओसंडणाऱ्या भांड्यात पाणी तोटीपर्यंत ‘साधारण’ भरून चालत नाही. 10 सेंमी व्यासाच्या भांड्यात पातळी फक्त 2 मिमी खाली असली, तरी सुमारे 16 मिली पाणी कमी मिळतं. आधी तोटीतून पाणी वाहू द्या, शेवटचा थेंब थांबला की खाली मोजपात्र ठेवा. दगड दोऱ्याने हळू सोडा. मोजपात्र सपाट जागी ठेवून, डोळा पातळीला आणून, पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ वाचा.

दगड तळाला टेकला की ताणकाटा एकदम कमी दाखवतो आणि मुलं लिहितात, ‘खोल गेल्यावर प्लावक बल वाढलं.’ ते वजन तळाने उचललेलं असतं. दगड पूर्ण बुडालेला आणि अधांतरी असेल, तर 5 सेंमीवर आणि 15 सेंमीवर आकडा तोच येतो. खोलीबरोबर दाब वाढतो हे खरं, पण दगडाच्या वर आणि खाली सारखाच वाढतो. दोन्हींतला फरक तेवढाच राहतो.

शाळेत ताणकाटा नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याहून बरा. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवा, पण काठाला किंवा तळाला लागू देऊ नका. काटा 100 ग्रॅम दाखवेल. पाणी दगडाला वर ढकलतं तेवढंच दगड पाण्याला खाली ढकलतो. दगडाचं आकारमानही यातून फुकटात मिळतं: 100 घन सेंमी.

‘जड वस्तू बुडते’ हे उत्तर तर लिहूच नका. मलप्रभेच्या पुरात मोठा ओंडका वाहत जातो, छोटा खिळा तळाशी जातो. पाहायची असते घनता, म्हणजे तेवढ्याच आकारमानात किती वस्तुमान आहे ते (कन्नड पुस्तकात ‘सांद्रते’). कन्नडमध्ये तरंगणं म्हणजे ‘तेलु’. आपल्या तेलाशी त्याचा संबंध नाही, पण तेल पाण्यावर तरंगतं म्हणून लक्षात राहायला सोपं. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढंच पाणी सारते, हेही मुलं विसरतात. 60 ग्रॅमची स्टीलची वाटी तरंगताना 60 मिली पाणी सारते, वाटी कितीही मोठी असो.

साध्या पाण्यात बुडणारं अंडं मिठाच्या पाण्यात तरंगतं, हा अंड्याचा प्रयोग फसला तर दोन गोष्टी पाहा. जुन्या अंड्यात हवेची जागा वाढलेली असते, त्यामुळे ते साध्या पाण्यातही वर येऊ शकतं. म्हणून अंडं ताजं हवं. मीठही बहुतेक वेळा कमी पडतं. 200 मिली पाण्यात 4 सपाट छोटे चमचे मीठ पूर्ण विरघळवा, अंडं सोडा, वर आलं नाही तर आणखी एकेक चमचा. न विरघळलेलं मीठ तळाशी बसलं असेल तर अंडं मधेच अडकतं. ढवळलं की सुटतं.